काकूंची पिवळी उशी

काकू टीव्ही बघायच्या तो आवाज पूर्ण बंद करून. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी हे पाहिलं आणि मला वाटलं, टीव्ही बिघडलाय. मदत करावी म्हणून मी रिमोट उचलला, तर त्यांनी तो अलगद माझ्या हातातून काढून घेतला.

"बिघडलेला नाही, मी बंद केलाय. सगळी नोकरी लोकांचं ऐकण्यात गेली. आता नुसती तोंडं बघायची."

काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून द्यायचा जमाना होता तेव्हापासूनच्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी नाशिकची लग्नं जमताना ऐकली होती, मोडताना ऐकली होती, कुणाला मुलगा झाला तेही घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. पुढे मशिनं आली, काकू दुसऱ्या टेबलावर गेल्या, मग निवृत्त झाल्या. पण सवय गेली नाही. घरी कुणी आलं, गप्पा रंगात आल्या, की ट्रंक कॉलवर विचारायच्या तसं मध्येच म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?" नवखा पाहुणा गडबडून उठून उभा राहायचा. मग त्याला हाताला धरून खाली बसवायच्या आणि चहा टाकायच्या.

टीव्हीवर त्या कोरियन मालिका बघायच्या. मुलीने बंगळुरूहून येऊन टीव्हीला ते सगळं जोडून दिलं होतं. खाली इंग्रजी अक्षरं यायची, त्यावर काकूंनी खाकी चिकटपट्टी लावून टाकली होती. म्हणजे आवाज नाही, अक्षरं नाहीत. गोष्ट त्या स्वतः लावायच्या. "ही आहे ना, हिचं या दुकानदाराशी जमायचं होतं, पण हा मामा आडवा येतो," असं मला समजावून सांगायच्या. एकदा मी मोबाइलवर शोधून त्यांना सांगितलं, की तो मामा नाही, तोच नायक आहे. काकूंनी पडद्याकडे एकदा नीट पाहिलं. "मग माझीच गोष्ट बरी आहे," म्हणाल्या.

घर गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावर. काका जाऊन खूप वर्षं झालेली. मागच्या बाजूची खोली त्या एखाद्या नोकरी करणाऱ्या मुलीला द्यायच्या. मी नांदगावची, नाशिकला एका खाजगी हॉस्पिटलात चौकशीच्या काउंटरवर लागले होते. फोन घ्यायचे, माइकवरून पेशंटची नावं पुकारायची, कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर ते सांगायचं. माझा आवाज ऐकून काकूंनी मला खोली दिली, असं त्या नंतर म्हणाल्या. नियम एकच सांगितला होता. "माझं माहेर पंचवटीतलं. वडील रामकुंडावर यजमानांची कार्यं करायचे, आता भाऊ करतो. तेव्हा अंडं, मटण, मासे या घरात नाहीत. बाकी तू मोकळी."

मी घरी अंडी खाणारी. पण नियम पाळायला मला काही जड गेलं नाही. हवं तेव्हा बाहेर खायचे, हात धुऊन घरी यायचे.

दीडेक वर्ष असं छान गेलं आणि मग एका सकाळी ड्यूटीला जाताना कुत्रं आडवं आलं. स्कूटर घसरली, मी हनुवटीवर पडले. जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. तोंड बंद. दातांच्या फटीतून स्ट्रॉने जे जाईल तेवढंच जेवण, आणि बोलणं म्हणजे नुसतं हुंकारणं.

आई धावत आली. आठ-दहा दिवस राहिली, पण तिकडे दुकान, आजीचं दुखणं. तिने माझी पिशवी भरायला घेतली.

"काकू, इला मी घरी नेते आता. इथं तुमच्यावर लय भार पडंल."

"दर आठवड्याला तपासायला यायचंय तिला," काकू म्हणाल्या. "तो जबडा घेऊन नांदगावहून एसटीने हिंदकळत येणार का? राहू दे इथेच. माझ्याकडे मिक्सर आहे."

आई रडायला लागली. काकूंनी तिला रडू दिलं, आणि मग खरोखर मिक्सर आणून दाखवला.

त्या मिक्सरमधून काय काय गेलं! वरणभात गेला, पोळी-भाजी गेली, उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी गेली. होळीला पुरणपोळी दुधातुपासकट फिरवून त्यांनी माझ्यापुढे ग्लास ठेवला. "सण आहे, नाही म्हणायचं नाही." संध्याकाळी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसायचो. मला बोलता येत नव्हतं, त्यांना ऐकायचं नव्हतं, आणि टीव्हीलाही आवाज नव्हता. त्या दिवसांत मला तेवढीच एक जागा सुखाची वाटायची. भेटायला येणारं प्रत्येक माणूस माझ्याकडून काहीतरी उत्तराची वाट बघायचं. त्या खोलीत कुणीच बघत नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी पडद्यावर एका बाईने एका माणसासमोर ताटली ठेवली. ताटलीत लालसर भाताचा ढीग, त्यावर छोट्या उशीसारखं काहीतरी पिवळं. माणसाने उशीच्या पोटावरून लांब सुरी फिरवली आणि ती उशी मधून उकलली, दोन्हीकडून मऊ मऊ ओघळत भातावर पसरली. काकूंनी ते मागे घेतलं. परत पाहिलं. परत मागे घेतलं.

"काय आहे गं हे? हलवा? चीज?"

मी मोबाइलवर टाइप करून दाखवलं: ऑम्लेट. खाली टोमॅटो सॉसचा परतलेला भात. जपानी-कोरियन लोक घरी करतात.

"अंड्याचं?"

मी मान हलवली. मालिका पुढे गेली. बऱ्याच वेळाने, काहीतरी वेगळंच चाललेलं असताना, त्यांनी विचारलं, "तारा काढल्यावर तुला हे चालेल, नाही? चावायला काहीच लागत नाही त्यात."

मला वाटलं, सहज म्हणाल्या.

तारा निघाल्या तेव्हा मला वाटलं होतं, तोंड उघडेल आणि सगळं पूर्वीसारखं होईल. तसं काही झालं नाही. तोंड जेमतेम एक बोट आत जाईल एवढं उघडायचं. खालचा ओठ बधिर. डॉक्टर म्हणाले, संवेदना हळूहळू येईल, व्यायाम करायचा, बोलत राहायचं, मऊ खायचं. पण बोलायला गेले की ओठ ओठाला भेटायचाच नाही. प, ब, म ही अक्षरंच माझ्यातून निघून गेली होती. रिक्षावाल्याला मुंबई नाका सांगितलं, तर तो म्हणाला, "क्या नाका?" मी उतरले आणि चालत घरी आले. त्यानंतर मी बोलायचंच सोडून दिलं. आईचा फोन आला की मेसेज करायचे. जेवण टाळायला लागले, कारण घास ओठावरून खाली सांडायचा आणि मला कळायचंही नाही. हॉस्पिटलातून निरोप आला, की काउंटर जमणार नसेल तर रेकॉर्ड रूममध्ये जागा आहे, विचार करा. मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं.

काकूंना ते टाइप करून दाखवलं, तर त्यांनी चष्माच काढून ठेवला. "मला काही दिसत नाही. बोल."

"रे... रेकॉर्ड रून," मी म्हटलं.

"तिथे कुणाशी बोलणार, फायलींशी?" एवढं म्हणून त्या पायात चपला सरकवून बाहेर गेल्या.

अर्ध्या तासाने परत आल्या त्या हातात पारदर्शक पिशवी घेऊन, आणि पिशवीत अंडी. गल्लीतल्या चार बायकांनी ती पाहिली असणार. मी डोळे मोठे केले. "चोरून आणायचं असेल तर आणूच नये," काकू म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांचे देव होते, म्हणून गॅलरीत इंडक्शनची शेगडी मांडली. छोटा नॉनस्टिक तवा नवा, लाकडी उलथनं नवं, चहाची गाळणी नवी. वास सहन होईना म्हणून नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. पहिलं अंडं त्यांनी नारळ फोडावा तसं आपटलं. ते अर्धं तव्यात गेलं, अर्धं तुळशीच्या कुंडीमागे. काकू चिमट्यातून, गेंगाण्या आवाजात म्हणाल्या, "एवढं नाजूक असतं होय!"

भात मात्र त्यांनी पहिल्यापासून उत्तम केला. त्या पदार्थाला जरा चिकट भात लागतो, आणि घोटीकडचा इंद्रायणी आमच्या घरात असायचाच. आदल्या दिवशीचा भात फ्रिजमधून काढायच्या, बटरवर बारीक कांदा, किसलेलं गाजर, मटार परतायच्या, केचप घालून ते चांगलं तापू द्यायच्या आणि मग भात. तिखट नाही, माझ्या तोंडासाठी. उशीचं काही केल्या जमेना. अंडी फेटून गाळून घ्यायची, तापल्या बटरवर ओतायची, भराभर ढवळायचं आणि कड धरली की तव्याच्या एका बाजूला गुंडाळत आणायचं, आतून ओलं असतानाच. एकदा भुर्जी झाली. एकदा धिरडं झालं. एकदा उशी दिसायला सुरेख, पण आतून नुसतं पाणी.

आणि प्रत्येक वेळी माझी परीक्षा. काकू स्वतः चाखणार नव्हत्या, तो प्रश्नच नव्हता. मग कसं झालंय हे सांगणार कोण? मी बोटाने छान अशी खूण केली तर त्यांनी तोंड फिरवलं. मोबाइल पुढे केला तर चष्मा काढला.

"बोल. काय कमी आहे?"

"ईठ."

"ईठ म्हणजे? वीट? वीट घातलेली नाही मी."

मला हसू यायचं आणि हसताना जबडा दुखायचा. "नी... नीठ."

"अजून एकदा."

"आत?" मी ताटलीकडे बोट दाखवून विचारायचे, भात कमी करता का म्हणून.

"आत काय? आत अंडं आहे. भात म्हणायचंय का तुला? मग तसं म्हण."

भात, मीठ, मऊ, बटर, मटार, ऑम्लेट. त्या ताटलीतल्या बहुतेक शब्दांना ओठ मिटावेच लागतात. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी काकूंना नंतर विचारलंही होतं, की तुम्ही मुद्दाम केलंत का. "मुद्दाम कसलं?" त्या म्हणाल्या. "मला खरंच कळत नव्हतं मीठ किती पडलंय." आजही मला या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही.

हे असं महिनाभर चाललं असेल. एक दिवस दुपारी काकू गॅलरीत, नाकाला चिमटा, तव्यात उशी, मी शेजारी ताटली घेऊन उभी, आणि फाटकातून त्यांचे धाकटे भाऊ आत आले. धोतर, उपरणं, कपाळाला गंध. वडिलांच्या तिथीचं सांगायला दरवर्षी यायचे तसे आले होते. ते गॅलरीच्या पायरीवरच थांबले.

"ताई, हे काय?"

काकूंनी चिमटा काढला. "अंडं."

"आपल्या घरात?"

"घरात नाही. गॅलरीत."

मला त्याही स्थितीत हसू आलं असतं, पण भाऊंचा चेहरा बघून आलं नाही. रागावले नव्हते ते. दुखावले होते. "बाबांच्या तिथीला तू नैवेद्याचं करतेस," ते हळू आवाजात म्हणाले. "या हातांनी?"

"माझ्या तोंडात गेलेलं नाही," काकू म्हणाल्या. "हिच्या तोंडात जातंय. हिचं तोंड उघडायला हवंय. तुला चालत नसेल तर मला समजतं, पण मी थांबवणार नाही."

भाऊंनी उपरणं सारखं केलं आणि पाणीही न घेता गेले. काकूंनी वळून तव्याकडे पाहिलं. उशी करपली होती. त्यांनी शेगडी बंद केली, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

तिथीला त्या वर्षी पंचवटीतून बोलावणं आलं नाही. त्या सकाळी काकूंनी न्हाऊन, एकटीनेच खीर केली, गाईसाठी पान वाढलं. वडील गेल्यापासून त्यांनी ती तिथी कधी चुकवली नव्हती, पूरपाण्यातसुद्धा गेल्या होत्या. मी दारातून त्यांच्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्या परत गाळणी घेऊन गॅलरीकडे निघाल्या तेव्हा मी आडवी उभी राहिले.

"बास!" मी ओरडले. "नको आता. बास!"

काकू जागच्या जागी थांबल्या. "काय म्हणालीस?"

"नको म्हटलं. तुमचे भाऊ..."

"ते नाही. त्याच्या आधीचं. परत म्हण."

"बास," मी म्हटलं, आणि मलाच ऐकू आलं. ओठ मिटले होते. ब आला होता. मागाहून 'म्हटलं'मधला म सुद्धा आला होता आणि 'भाऊ'मधला भ सुद्धा. काकूंनी गाळणी तशीच हातात धरून मला जवळ घेतलं. त्या रडत होत्या. मला वाटतं, थोडं माझ्यासाठी आणि थोडं कालच्या दिवसासाठी.

"आता तर अजिबात बास नाही," त्या म्हणाल्या. "बाजूला हो. बटर काढ."

त्याच आठवड्यात ती उशी उकलली. काकूंनी सुरी फिरवली आणि ती मधून दुभंगून, सावकाश, दोन्ही बाजूंनी भातावर पसरली, पिवळीधमक. आम्ही दोघी ताटलीवर वाकून बघत राहिलो. काकू म्हणाल्या, "खा ना, गार होईल." मी चमचा भरला. पूर्ण भरलेला चमचा तोंडात गेला, काहीही न सांडता. अंडं जिभेवर विरघळलं, भाताची आंबटगोड चव, बटर. मी त्यांना सगळं सांगितलं, मोठमोठी वाक्यं करून सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि माझं सांगून झाल्यावर त्यांनी तृप्त माणसासारखा हात पोटावरून फिरवला.

भावाबहिणीचं पुढे काय झालं तेही सांगते. भाऊबीजेला ते येतील की नाही, या काळजीने काकूंनी सकाळपासून दहा वेळा फाटकाकडे पाहिलं. भाऊ आले. पण बाहेरच्या कट्ट्यावर बसले. काकूंनी पाट बाहेर नेला, रांगोळी बाहेर काढली आणि तिथेच ओवाळलं. पुढच्या वर्षी ते बाहेरच्या खोलीपर्यंत आले आणि जाताना मला विचारलं, "जबडा बरा आहे ना आता?" त्याच्या पुढच्या वर्षी स्वयंपाकघरात बसून जेवले. गेल्या वर्षी काकूंचे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा भाऊच येऊन त्यांना सामानासकट पंचवटीत घेऊन गेले. आता काकू तिथे असतात. टीव्हीचा आवाज तिथेही बंद. भाचेसुना सुरुवातीला वैतागल्या, आता त्यांच्याबरोबर बसून गोष्टी लावतात.

माझं लग्न झालं, इंदिरानगरला घर झालं. रविवारी सकाळी कधी कधी मी तोच भात करते. नवरा म्हणतो, हॉटेलात चांगला मिळतो. मिळत असेल. मी स्वतःचं ऑम्लेट स्वतः चाखून मीठ ठरवते आणि दर वेळी वाटतं, न चाखता, नाकाला चिमटा लावून, केवळ माझ्या तोंडाकडे बघत त्या बाईने हे दिवसामागून दिवस केलं. आईने मला एकदा बोलायला शिकवलं, काकूंनी दुसऱ्यांदा. आईचे उपकार मानायची पद्धत नसते. काकूंचे मी मानते, रोज.

कामावर परत गेले तो दिवस सांगायचा राहिलाच. रेकॉर्ड रूमला मी नाही म्हणून कळवलं होतं आणि काउंटरवर एक दिवस बघू, असं वरच्या मॅडम म्हणाल्या होत्या. काकूंना मी सकाळी नमस्कार करून निघाले. त्यांनी नुसती मान हलवली, जा म्हणाल्या.

काउंटरवर बसले. माइक पुढे ओढला. पहिलंच नाव आलं ते प, ब, म अक्षरांनी भरलेलं, एका पेशंटबाईंचं, आणि त्यांना पाठवायचं होतं बालरोग विभागापलीकडे, पहिल्या मजल्यावर. मी एकदा श्वास घेतला आणि म्हटलं. हॉलमध्ये आवाज घुमला. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी 'क्या?' म्हटलं नाही. एका कोपऱ्यातून त्या बाई उठल्या आणि जिन्याकडे चालायला लागल्या. बरोबर जिन्याकडे.

मग मी नीट समोर पाहिलं. खांबाजवळच्या बाकावर, पेशंटांच्या मध्ये, काकू बसल्या होत्या. चांगली इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स, डोळे मिटलेले. आजारी नव्हत्या. रिक्षाने माझ्या मागोमाग आल्या असणार. मी आणखी सात-आठ नावं पुकारली, दोन फोन घेतले, आणि त्या तशाच बसून होत्या. मग उठल्या आणि काउंटरच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे घुसल्या नाहीत. नंबर आल्यावर काचेशी आल्या आणि अनोळखी बाईसारखं विचारलं, "डोळ्यांचे डॉक्टर कधी बसतात?"

मला रडू आवरत नव्हतं. पण मागे रांग होती. "साडेअकराला," मी म्हटलं. "पहिला मजला, उजवीकडे. केसपेपर बाजूच्या खिडकीवर मिळेल. जपून जा, फरशी ओली आहे."

काकूंनी मान डोलावली.

"स्पष्ट ऐकू आलं," त्या म्हणाल्या. पर्स खांद्याला अडकवली आणि जिन्याकडे न जाता सरळ मुख्य दारातून बाहेर पडल्या.

मी पदरासारखा दुपट्टा डोळ्यांना लावला. मागचे आजोबा काचेशी सरकले, कागद शोधत घुटमळले.

"बोला बाबा," मी म्हटलं.